नळी ठेवून हाताला सतत भूल: आबांसाठी घ्यावी का?

पलूसकर शेतकरी
आबांचा उजवा हात कडबाकुट्टीत सापडला. दोन बोटांच्या शिरा तुटल्यात, मिरजेत उद्या ऑपरेशन. भूलतज्ज्ञ म्हणतात, गळ्याच्या हाडाखाली बारीक नळी ठेवू, दोन-तीन दिवस त्यातून औषध जात राहील, कळा येणार नाहीत. आबा सत्तरीचे, शुगर आहे. त्यांचं एकच, "हात कायमचा मेला तर?" कुणी घेतलंय का हे?

भूलतज्ज्ञ, मिरज
दादा, औषध थांबलं की काही तासांत हात जागा होतो. नसेला कायमची इजा होते, पण फारच क्वचित. आता सोनोग्राफीत सुई कुठं चाललीय ते दिसतं. रीतही जुनी आहे, अन्स्ब्रो नावाच्या डॉक्टरांनी 1946 मध्येच ती मांडली. एका इंजेक्शनचा असर बहुधा रात्री-पहाटे उतरतो आणि तेव्हाच कळा उठतात, म्हणून नळी. त्यातून 0.2 टक्के रोपिव्हाकेनसारखं बधिर करणारं सौम्य औषध छोट्या पंपाने हळूहळू जातं.
शुगरमुळे हाताला आधीपासून मुंग्या येत असतील किंवा रक्त पातळ करायची गोळी चालू असेल, तर आजच सांगा. नंतर कानात आवाज, तोंडाला धातूची चव, ओठ बधिर किंवा धाप, यातलं काहीही झालं तर लगेच नर्सला बोलवा. बोटं गार किंवा निळी पडली, पंप चालू असूनही कळ वाढत गेली, तरीही तसंच. त्या बाजूची पापणी थोडी खाली आली तर घाबरू नका, असर उतरला की ती पूर्ववत होते.

कराडची ताई
आमच्या ह्यांच्या मनगटाच्या ऑपरेशनला ही नळी होती. पहिल्या रात्री शांत झोपले, मला तेवढंच हवं होतं. पण हात अगदी ओंडक्यासारखा! झोपेत कॉटवरून खाली लोंबायचा आणि त्यांना पत्ताच नसायचा. हात अडकवायची गळ्यातली झोळी काढू देऊ नका, कोपराखाली उशी ठेवा, गरम चहा त्या हाताजवळही नको. भाजलं तरी कळत नाही. आणि दादा, खरी काळजी नळी काढतात त्या रात्रीची. बधिरपणा उतरायच्या आधीच गोळ्या पोटात गेलेल्या हव्यात. कळ चढल्यावर गोळी दिली तर ती लागू पडेपर्यंत माणूस तळमळतो, बघवत नाही. वेळ डॉक्टरांकडून कागदावर लिहूनच घ्या.

पलूसकर शेतकरी
आबांना सगळं वाचून दाखवलं, तयार झालेत. मुंग्या पायाला येतात म्हणाले, हाताला नाही. तेही आत्ताच फोन करून सांगतो. गोळ्यांची वेळ लिहून घेतो, ताई.