मदत हवी आहे: घरात तीन प्रकारची झुरळं दिसतायत, कोणतं कोणतं ते कसं ओळखायचं?

नमस्कार मंडळी,

आम्ही ठाण्यात एका जुन्या सोसायटीत दुसऱ्या मजल्यावर राहतो. तळमजल्यावर खाणावळ आहे. सांडपाण्याचे पाइप ज्या डक्टमधून वर जातात त्याच डक्टमध्ये आमच्या स्वयंपाकघराची खिडकी उघडते. त्यामुळे झुरळं येणार हे धरूनच चालतो. पण पेस्ट कंट्रोलवाले आले की दर वेळी एकच प्रकार होतो. ते मोरीत आणि सिंकखाली औषध मारून जातात, दुसऱ्या दिवशी मोठी झुरळं उताणी पडलेली सापडतात, आणि ओट्याखालची बारकी मात्र जशीच्या तशी. आठवडाभरात रात्री दिवा लावला की ट्रॉलीच्या कडेने पळापळ सुरू.

घरात सासरे आहेत, त्यांना दमा आहे. झुरळांच्या अ‍ॅलर्जीने दमा बळावतो असं डॉक्टरांनी सांगितलंय, आणि फवारणीच्या वासानेही त्यांना धाप लागते. म्हणून सरसकट फवारणी आता नको वाटते. निदान आपल्या घरात कोण आहे ते नीट कळलं तर उपाय नेमका करता येईल. फोटो अंधारात हलले आहेत, म्हणून जे पाहिलं ते लिहिते.

पहिलं बारकं. सव्वा सेंटिमीटरच्या आसपास, फिकट तपकिरी. कटलरीची ट्रॉली पूर्ण बाहेर काढली तर चॅनेलच्या मागच्या टोकाला दाटीवाटीने बसलेली होती. एक काचेच्या बरणीत पकडून भिंगातून पाहिलं. डोक्यामागच्या ढालीवर दोन काळ्या उभ्या रेघा आहेत, अगदी समांतर. एकीच्या पोटाच्या टोकाला तपकिरी डबी अर्धवट बाहेर आलेली होती आणि ती तशीच घेऊन पळत होती. पिल्लं मात्र काळपट आहेत, पाठीवर मधोमध फिकट पट्टा. फ्रीजच्या मोटरपाशी आणि मिक्सरच्या बुडाशीही हीच दिसतात. पंख आहेत, पण उडताना एकदाही पाहिलेलं नाही.

दुसरं मोठं, लालसर तपकिरी, मिशा सोडून चार सेंटिमीटर तरी असेल. ढालीच्या कडेने पिवळट किनार. हे रात्री बाथरूमच्या जाळीतून वर येतं. पावसाळ्याच्या तोंडाला खिडकीतून उडत आत आलं आणि थेट पडद्यावर बसलं.

तिसऱ्याने बुचकळ्यात टाकलंय. आकार पहिल्याइतकाच किंवा किंचित लहान, पण हे स्वयंपाकघरात नाही. सासऱ्यांच्या खोलीत भिंतीवरच्या घड्याळामागे, वायफायच्या डब्यात आणि पुस्तकांच्या कपाटात वरच्या खणात आहे. ढालीवर रेघा नाहीत. पंखांवर आडवे फिकट पट्टे आहेत. कपाटाच्या आतल्या बाजूला छोट्या तपकिरी डब्या चिकटवलेल्या सापडल्या.

शिवाय एकदा पूर्ण पांढरं झुरळ दिसलं. शेजारच्या काकू म्हणतात, औषधाने रंग उडालेलं आहे. हे खरं असू शकतं का?

मला तीन गोष्टी हव्या आहेत: ही तिन्ही कोणती, प्रत्येकाचं राहण्याखाण्याचं तंत्र काय, आणि दम्याच्या माणसाच्या घरात कोणता उपाय चालेल.

प्रतिसाद: नाशिककर

ताई, बोरिक पावडर, कणीक आणि साखर दुधात मळून गोळ्या करा आणि कोपऱ्याकोपऱ्यात ठेवा. आमच्या आईने आयुष्यभर हेच केलं. गोळ्या वाळल्या की नव्या. लहान मूल किंवा कुत्रं-मांजर असेल तर मात्र ते पोहोचणार नाही अशाच जागी ठेवा, बोरिक पोटात जाणं चांगलं नाही. आणि रात्री ओट्यावर खरकटं ठेवू नका.

प्रतिसाद: कीटकवेडा

तुम्ही इतकं बारकाईने पाहिलंय की फोटोची गरज नाही. मी प्राणिशास्त्र शिकवतो, आणि प्रयोगशाळेत मुलं जे झुरळ कापतात ते तुमचं दुसरं. सविस्तर लिहितो, कारण तुमच्याकडे पेस्ट कंट्रोल का फसतंय याचं उत्तर या ओळखीतच आहे.

पहिलं जर्मन झुरळ, ब्लॅटेला जर्मॅनिका. ढालीवरच्या दोन समांतर रेघा ही त्याची पक्की खूण. लिनियस या स्वीडिश शास्त्रज्ञाने 1767 मध्ये हे नाव दिलं, पण जर्मनीशी त्याचा मुळातून संबंध नाही. 2024 मध्ये प्रसिद्ध झालेल्या जनुकीय अभ्यासानुसार ते सुमारे 2,100 वर्षांपूर्वी भारत किंवा म्यानमारच्या परिसरात आशियाई झुरळापासून वेगळं झालं आणि तिथून माणसाच्या मालाबरोबर जगभर गेलं. आज ते जवळजवळ पूर्णपणे माणसाच्या इमारतींवर जगतं. तुमच्या ओट्याखाली ते बाहेरून रोज येत नाही, ते तिथेच राहतं, तिथेच वाढतं.

त्याचा वेग समजून घ्या. मादीच्या एका डबीत 30 ते 40 अंडी असतात, आणि पिल्लं बाहेर पडायच्या जेमतेम आधीपर्यंत ती डबी अंगावरच वागवते. त्यामुळे अंडी फवाऱ्याच्या वाटेत सहसा येतच नाहीत. डबी अंगावर असताना मादी फटीत दडून राहते, खायलाही कमी बाहेर पडते. आपल्याकडच्या उबेत पिल्लू दोन-तीन महिन्यांत मोठं होऊन पुन्हा अंडी घालायला तयार. म्हणजे फवारणीतून चार-दोन माद्या वाचल्या तरी पुढच्या सणापर्यंत ट्रॉली पुन्हा भरते. शिवाय नेहमीच्या फवाऱ्यांत जी पायरेथ्रॉइड गटातली औषधं असतात त्यांना ही जात अनेक ठिकाणी दाद देईनाशी झाली आहे.

दुसरं अमेरिकन झुरळ, पेरिप्लॅनेटा अमेरिकाना. मूळ आफ्रिकेचं. याला ओल, ऊब आणि अंधार लागतो, म्हणून गटार, चेंबर, डक्ट ही त्याची घरं. तुमच्याकडे ते फक्त चरायला येतं. मादी डबी एक-दोन दिवसांत कुठेतरी टाकते किंवा चिकटवते, एका डबीत 14 ते 16 अंडी. पिल्लाला मोठं व्हायला सहा महिने ते वर्षभरही लागतं. दिसायला भयंकर, पण वाढीच्या शर्यतीत जर्मनच्या खूप मागे. गरम दमट रात्री ते उडतं, तुमच्या पडद्यावर बसलेलं तेच. पिवळी किनार ठळक असेल आणि पंखाच्या खांद्यापाशीही पिवळी रेघ असेल तर ते ऑस्ट्रेलियन झुरळ, याचंच भावंड. पुढच्या वेळी खांदा तेवढा बघा. उपायात फार फरक पडणार नाही.

तिसऱ्याचं नाव सुपेला लॉंगिपाल्पा, पट्टेरी झुरळ म्हणू. यालाच लोक जर्मन समजून स्वयंपाकघरात औषध घालत बसतात. याला पाणी कमी लागतं, म्हणून ते कोरड्या आणि उबदार जागा धरतं: घड्याळ, टीव्ही, राउटर, तसबिरींच्या मागे, कपाटाचा वरचा खण. पुस्तकांच्या बांधणीतली खळ आवडीने खातं. डब्या लाकडाला, भिंतीला, फर्निचरच्या तळाला चिकटवतं, तुम्हाला सापडल्या तशाच. त्या डब्या चाकूने खरवडून काढा, कागदात गुंडाळून चिरडा आणि मगच टाका. या जातीत हे काम औषधाइतकंच महत्त्वाचं, कारण आत पिल्लं तयार होत असतात.

पांढरं झुरळ म्हणजे नुकती कात टाकलेलं. नवी कातडी मऊ आणि पांढरी असते, काही तासांत ती कडक होऊन नेहमीचा रंग येतो. औषधाचा त्यात काही संबंध नाही. उलट कात टाकणारी पिल्लं घरात आहेत, म्हणजे वीण इथेच होते आहे असा अर्थ घ्या.

धागाकर्ती:

सर, मनापासून आभार. म्हणजे मोरीत औषध मारून आम्ही फक्त पाहुण्यांना हाकलत होतो, मुक्कामी दोघांना हातच लागला नव्हता. आता ट्रॉलीतल्या आणि सासऱ्यांच्या खोलीतल्या दोघांसाठी नेमकं काय करू? जेल, म्हणजे झुरळांनी खाऊन मरावं म्हणून ठिपक्यांनी लावायचं औषध, ऐकून आहे, पण पेस्ट कंट्रोलवाले जेल लावून वर फवारणीही करतात.

प्रतिसाद: कीटकवेडा

जेल आणि फवारा एका जागी कधीही नको. फवाऱ्याच्या वासाने झुरळ जेलपाशी फिरकत नाही, आणि सगळा उपाय त्याने जेल खाण्यावरच अवलंबून आहे. खाल्लेलं झुरळ आपल्या बिळात जाऊन मरतं, तिथली पिल्लं त्याची विष्ठा आणि मेलेलं अंग खातात आणि औषध त्यांच्यापर्यंत पोहोचतं. जर्मन झुरळाची पिल्लं फटीबाहेर फार लांब जातच नाहीत, म्हणून हा मार्ग मोलाचा आहे.

आधी ट्रॉल्या रिकाम्या करून साबणाच्या पाण्याने पुसून घ्या. मग तांदळाच्या दाण्याएवढे ठिपके खूप जागी द्या: चॅनेलच्या मागच्या टोकाला, बिजागरीच्या आतल्या बाजूला, फ्रीजच्या मागे मोटरजवळ, सिंकखाली पाइप भिंतीत शिरतो तिथे. एकाच जागी मोठा गोळा लावून उपयोग नाही. भांडी टेकतील तिथे मात्र लावू नका. दोन आठवड्यांनी बघा, ठिपके खाल्ले गेले असतील तर पुन्हा द्या, वाळले असतील तर पुसून नवे द्या.

एक गोष्ट दुकानदार सांगत नाही. जर्मन झुरळांच्या काही वंशांना ग्लुकोज कडू लागतं. जेलमध्ये गोडीसाठी ग्लुकोज घालायचे, ते खाणारी मरत गेली आणि न खाणारी उरून त्यांचीच पैदास झाली. 1990च्या दशकापासून हे संशोधकांना माहीत आहे. तेव्हा ताज्या जेलकडेही झुरळं ढुंकून बघत नसतील तर त्याच कंपनीची दुसरी नळी आणू नका, दुसऱ्या कंपनीचं, म्हणजे आमिषही वेगळं आणि औषधी घटकही वेगळा असलेलं जेल घ्या. वेष्टनावर फिप्रोनिल, इंडोक्साकार्ब, इमिडाक्लोप्रिड असं काही लिहिलेलं असतं, ते वाचून बदला.

सासऱ्यांच्या खोलीत ठिपके उंचावर हवेत. कपाटाच्या वरच्या कोपऱ्यात, घड्याळ टांगतात त्या खिळ्याभोवती, तसबिरीच्या चौकटीमागे. राउटरच्या आत काही घालू नका. तो बंद करून दारे-खिडक्यांपासून लांब एका मोठ्या पिशवीत झटका, बाहेर पडतील ती चिरडा.

नाशिककरांच्या गोळ्या चुकीच्या नाहीत. बोरिक मंद आहे, पण झुरळांना त्याची सवय लागल्याचं फारसं दिसत नाही. फक्त ते कोरडं राहायला हवं. सिंकखालच्या ओलीत त्याचा लगदा होतो आणि काम थांबतं.

प्रतिसाद: प्लंबिंगवाला

मोठ्या झुरळांबद्दल मी सांगतो, रोजचं काम आहे. नहाणी ट्रॅपमध्ये, म्हणजे बाथरूमच्या जाळीखालच्या पाणी साठणाऱ्या भागात, पाणी भरलेलं असेल तर गटारातलं झुरळ सहसा वर येत नाही. जे बाथरूम वापरात नसतं तिथलं पाणी सुकतं आणि वाट मोकळी होते. आठवड्यातून एकदा दोन तांबे पाणी ओता. वॉशबेसिन आणि वॉशिंग मशीनचा पाइप जमिनीतल्या भोकात नुसता सोडलेला असतो, त्याच्या भोवतीची फट रबरी बूच किंवा पांढऱ्या सिमेंटने बंद करा. डक्टच्या खिडकीला बारीक जाळी लावा. सोसायटीला सांगा की चेंबरमध्ये औषध मारायच्या आधी वरच्या घरांना कळवा, नाहीतर खालची सगळी पाइपाने वर पळतात.

प्रतिसाद: पुणेरी_बागवान

धागा वाचून विचारतो. बाल्कनीतल्या कुंडीत माती उकरली की चकचकीत काळसर झुरळं निघतात, घरात कधी येत नाहीत. तीही यातलीच का?

प्रतिसाद: कीटकवेडा

नाही, ती बहुतेक सुरिनाम झुरळं. मातीतच राहतात, सडका पालापाचोळा आणि कधीकधी कोवळी मुळं खातात. गंमत अशी की आपल्याला दिसतात त्या सगळ्या माद्याच असतात, नराशिवाय पिल्लं होतात. कुंडीला पाणी बेताने घाला, वरचा ओला कचरा काढा. घरात जेल लावायची गरज नाही.

प्रतिसाद: श्वासरोग_परिचारिका

दम्याबद्दल दोन शब्द. अ‍ॅलर्जी होते ती झुरळाच्या विष्ठेतल्या, लाळेतल्या आणि कातीतल्या प्रथिनांमुळे. म्हणजे झुरळं मेली तरी कपाटातली धूळ तशीच राहिली तर त्रास चालूच राहतो. त्या खोलीत केरसुणीने झाडू नका, धूळ उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं गरम पाण्यात धुवा. ट्रॉल्या आणि पुस्तकांचं कपाट साफ करताना सासऱ्यांना दुसऱ्या खोलीत किंवा बाहेर बसवा. तुम्हीही तोंडाला मास्क लावा. त्यांचा इनहेलर चालू असेल तर झुरळं कमी झाली म्हणून मनाने बंद करू नका, ते डॉक्टरच ठरवतील.

धागाकर्ती:

परिचारिकाताई, केरसुणीचं लक्षातच आलं नव्हतं, बरं झालं सांगितलंत. सगळ्यांचे आभार. शनिवारी ट्रॉल्या काढते, पाइपांभोवतीच्या फटी प्लंबरकडून बुजवून घेते. एक शेवटचा प्रश्न. आमच्या आणि शेजारच्या काकूंच्या ओट्याची भिंत एकच आहे, पाइपही भिंतीतून आरपार गेलेत. त्यांच्याकडेही बारकी झुरळं आहेत, पण त्या फक्त खडूच्या रेघा मारतात. आमच्याकडचं जेल एकट्याने पुरेल का?

प्रतिसाद: कीटकवेडा

एकट्याने पुरणार नाही. जर्मन झुरळ अशा पाइपाच्या भोकांतूनच घर बदलतं. काकूंना एक नळी देऊन एकाच दिवशी दोन्हीकडे लावा, आणि खाणावळवाल्याला विश्वासात घेता आलं तर उत्तम. भोकं बुजवा, पण जेलने काम केल्यावर. आणि जेल लावायच्या आधी दोन्ही घरांत ट्रॉलीमागे, फ्रीजखाली चिकट सापळे ठेवा आणि कुठे किती पिल्लं चिकटतात ते लिहून ठेवा. जिथे पिल्लं जास्त, तिथे बीळ जवळ. जेलचे ठिपके तिथेच दाट द्या.