उद्या दुकानं उघडणार: दाराला कुलूप लावायचं का?

वडगावकर, ३ मे २०२०, रात्री
उद्यापासून कर्नाटकात कंटेन्मेंट झोन सोडून दारूची दुकानं उघडणार, सकाळी ९ ते संध्याकाळी ७. आम्ही बेळगावात वडगावला राहतो. दादा जानेवारीत व्यसनमुक्ती केंद्रातून घरी आला, तेव्हापासून थेंब नाही. दर गुरुवारी दारू सोडलेल्यांच्या मीटिंगला जायचा. लॉकडाऊन लागल्यापासून ती बंद, उद्यमबागची फौंड्रीही बंद, दिवसभर घरात बसून. आई म्हणते, उद्यापासून दाराला कुलूप आणि किल्ली माझ्या कमरेला. वहिनी म्हणते, असं केलंत तर त्याच्या मनातनं उतराल. मी आईच्या बाजूचा. चाळीस दिवस दुकान बंद होतं म्हणून आम्ही निर्धास्त झोपलो. आता कशाच्या जिवावर झोपायचं?

खानापूरची लेक
कुलूपच लावा. नवऱ्यावर मी दोनदा विश्वास ठेवला, दुसऱ्यांदा मंगळसूत्र गेलं. लॉकडाऊनमध्येही आमच्याकडं रानात गावठी गाळत होते, दुप्पट भावानं विकत होते. एटीएम कार्ड काढून घ्या, गाडीची किल्ली लपवा. आणि दारू सुटायची गोळी मिळते ती आमटीत घाला. त्यांना कळत पण नाही.

निपाणी
ताई, तुमचं सोसणं कळतंय, पण ते आमटीचं कुणीही करू नका. ती गोळी, म्हणजे डायसल्फिराम, पोटात असताना माणूस प्याला तर तोंड लालबुंद होतं, छाती धडधडते, रक्तदाब खाली जातो. जीवही जाऊ शकतो. ती गोळी घेणाऱ्याला सांगून, डॉक्टरच्या देखरेखीखालीच द्यायची.

आता कुलपाचं. माझा चुलत भाऊ रोजचा पिणारा. २५ मार्चला एकदम बंद. घरात आनंद, फुकटात सुटली म्हणून. आम्ही वर त्याला खोलीत कोंडला. दुसऱ्या दिवशी हात थरथरायला लागले, रात्री फिट आली, तिसऱ्या दिवशी भिंतीवर किडे दिसायला लागले. त्याचे डॉक्टर कोल्हापूरचे, आणि राज्याच्या सीमेवरच्या कोगनोळी नाक्यावरनं पासशिवाय सोडेनात. त्यांनाच फोनवर विचारून इथल्या दवाखान्यात नेला, म्हणून हाताला लागला. रोज पिणाऱ्याची अचानक तुटली की पहिले तीन-चार दिवस जिवावरचे असतात. कुलूप लावून आम्ही तेच दिवस डॉक्टरविना घालवत होतो.

वडगावकर
दादाचे ते दिवस केंद्रातच सरले. माझी भीती वेगळी आहे. तो बरा आहे, आणि दुकान चालत पाच मिनिटांवर आहे.

शहापूरचा जुना पिणारा
सहा वर्षं झाली सोडून. माझ्या बापानंही कुलूप लावलं होतं, मी कौलं काढून गेलो. कुलूप दिसलं की डोकं दिवसभर त्यातच अडकतं. मात्र 'विश्वास आहे' म्हणून मोकळं सोडणारेही चुकतात. १९३५ मध्ये अमेरिकेत दारू सोडणाऱ्यांचं अल्कोहोलिक्स अॅनॉनिमस सुरू झालं ते दोन पिणारे एकमेकांशी बोलत बसले त्यातनं. मीटिंग बंद असली तरी फोन चालू आहे की. संध्याकाळची वेळ सगळ्यात वाईट, तेव्हा त्याच्याजवळ बसा. दाराजवळची सॅनिटायझरची बाटली उचलून ठेवा. आणि कार्ड, किल्ली कुणाकडं ठेवायची, हे त्यालाच विचारा.

खानापूरची लेक
विचारल्यावर पिणारा खरं सांगतोय काय?

शहापूरचा जुना पिणारा
दरवेळी नाही सांगत, ताई. मीही सांगितलं नव्हतं. कार्ड ताब्यात ठेवा, तुमचं तेवढं बरोबर आहे. फक्त त्याच्या पाठीमागं काही करू नका. वडगावकर, नंबर खासगीत पाठवलाय.

वडगावकर, ४ मे, सकाळी
रात्री दादाला सगळं वाचून दाखवलं. आमटीच्या गोळीवर तो आईकडं बघत राहिला. आई म्हणाली, "देवाशपथ, मी नाही घातली." मग त्यानं पाकिटातनं कार्ड काढून वहिनीच्या हातात दिलं आणि म्हणाला, "कुलूप नको. बाहेर जायचं झालं तर एकाला बरोबर घेतो." आई अजून तयार नाही. कुलूप फडताळात ठेवलंय, किल्ली मात्र तिच्याच कमरेला.

आत्ता सव्वानऊ झालेत. रांग आमच्या गल्लीच्या तोंडापर्यंत आलीय. दादा खिडकीत उभा राहून बघतोय. शहापूरकर, तो तुम्हाला फोन लावतोय, लागेना. बघा तेवढं.