मदत हवी आहे: मासेमारी बोटीवरचं सोलर एका हंगामात बंद पडलं, यंदा नीट कसं बसवायचं?

हर्णैची_लेक:

नमस्कार मंडळी,

आमची हर्णैला ४५ फुटी बोट आहे, लाकडी, वरून फायबर केलेली. बाबा आता किनाऱ्यावरचं बघतात, धाकटा भाऊ तांडेल, म्हणजे बोट चालवणारा प्रमुख, आहे. एकदा गेले की पाच-सहा दिवस समुद्रातच. मी पुण्यात असते, विजेचं शिक्षण नाही, पण भावाला विचारून आणि मागच्या आठवड्यात घरी जाऊन स्वतः बघून जेवढं कळलं तेवढं लिहिते आहे. ३१ जुलैला पावसाळी मासेमारीबंदी संपते. त्याच्या आत हे काम व्हायला हवं, म्हणून घाई.

गेल्या हंगामात आम्ही केबिनच्या टपावर १०० वॅटची दोन पॅनल बसवली. खाली इंजिनाजवळ १५० अँपिअर-तासाची बॅटरी, केबिनमध्ये चार्ज कंट्रोलर, म्हणजे पॅनलची वीज बॅटरीला बेताने देणारा डबा. बसवणारे घरांवरची कामं करतात, त्यांनी तसंच बसवून दिलं. डायनामो आधीपासून बिघडला होता. 'आता सोलर आहे, बघू नंतर' म्हणून त्याची दुरुस्ती राहिली.

जानेवारीत, बाहेर पडल्याच्या चौथ्या रात्री बॅटरी पूर्ण उतरली. दिवे गेले, जीपीएस गेलं, वायरलेस गेला. इंजिनाचा स्टार्टरही त्याच बॅटरीवर, त्यामुळे इंजिनही लागेना. दोन तास बोट काळोखात वाहत होती आणि एक मोठं जहाज जवळून गेलं. पोरांनी मोबाईलचे टॉर्च हलवून हलवून उजेड दाखवला. पहाटे शेजारच्या बोटीने बॅटरी दिली म्हणून परत आले. भावाने घरी यातलं अक्षर काढलं नव्हतं. एका खलाशाच्या बायकोकडून आईला कळलं. तेव्हापासून बोट बाहेर असली की आई झोपत नाही.

परवा ताडपत्री उचलून मी सगळं उघडून बघितलं. पॅनलची काच शाबूत आहे. कंट्रोलरच्या स्क्रूंवर मात्र हिरवी भुकटी जमली होती, बोट लावलं तर गळत होती. वायर तिथून चार बोटं कापली, तर आतली तांब्याची तार काळी. आणखी वीतभर कापली, तरी काळीच.

रोजचा खर्च भावाबरोबर बसून काढला. नेव्हिगेशनचे चार एलईडी मिळून २० वॅट, ११ तास. मासे दाखवणारा आणि जीपीएस एकाच सेटमध्ये, १५ वॅट, चोवीस तास चालू. वायरलेस नुसता ऐकण्यावर ६ वॅट, तोही चोवीस तास. केबिनचा दिवा आणि सगळ्यांचे मोबाईल धरून १०० वॅट-तास. तळातलं पाणी उपसायचा पंप रोज तासभर, ६० वॅट. सगळं सिस्टिम १२ व्होल्टवर.

प्रश्न असे: पॅनल किती वॅटची लागतील? लिथियम घ्यावी का? खाऱ्या हवेत वायर टिकवायची कशी? आणि बाबा विचारतात, डिझेल एवढं महाग झालंय तर इंजिनच सोलरवर चालणार नाही का? केरळात बोटी चालतात असं त्यांनी ऐकलंय.

जहाजावरचा_विजेवाला:

ताई, मी मालवाहू जहाजांवर इलेक्ट्रिकल ऑफिसर आहे. आधी तुमचाच हिशेब पूर्ण करतो, कारण त्या रात्रीचं उत्तर त्यातच आहे.

तुमचा रोजचा खर्च ८८४ वॅट-तास, म्हणजे ९०० धरा. कोकणात कोरड्या दिवसांत पूर्ण ताकदीचं ऊन साधारण साडेचार तासांइतकं धरावं. टपावर आडवं पडलेलं, तापलेलं, मिठाची पुटं चढलेलं पॅनल त्यातलं ७० टक्केच देतं. २०० गुणिले ४.५ गुणिले ०.७, झाले ६३०. रोज २७० ची तूट. १५० ची लेड-ॲसिड बॅटरी १२ व्होल्टला १८०० वॅट-तासांची, पण तिची तब्येत राखायची तर निम्मीच वापरायची, म्हणजे ९००. रोज २७० तूट असेल तर ती ९०० सव्वातीन दिवसांत संपते. तुमची चौथी रात्र. डायनामो चालू असता तर इंजिन फिरताना ही तूट भरून निघाली असती, आणि इतकी वर्षं ती तशीच भरत आली असणार.

म्हणून पहिलं काम डायनामो. सोलर त्याच्या जोडीला, त्याच्या जागी नाही. दुसरं काम, इंजिन स्टार्टची बॅटरी वेगळी करा. दिवे-जीपीएसची बॅटरी ठणठणीत रिकामी झाली तरी इंजिन लागलंच पाहिजे. हे दोन केलं नाही तर हजार वॅटची पॅनल लावूनही पुन्हा तीच रात्र येऊ शकते. पॅनल एकूण ३३० ते ४०० वॅटपर्यंत न्या, ढगाळ दिवसाला हात राहतो.

बाबांच्या प्रश्नाबद्दल. केरळातली 'आदित्य' जानेवारी २०१७ पासून वैक्कम आणि थवणक्कडवू यांच्यामध्ये वेंबनाड तलावात चालते. ७५ प्रवासी, टपावर २० किलोवॅटची पॅनल, ५० युनिटांची लिथियम बॅटरी. पण ते शांत पाणी, हलकी जोडनौका, छोटी फेरी, आणि रात्री धक्क्यावर चार्जिंग. तुमच्या बोटीला १०० अश्वशक्तीचं इंजिन धरलं तर ते झालं ७५ किलोवॅट. टपावर आणि डेकवर जाळ्यांना जागा सोडून पॅनल लावली तरी तीन-चार किलोवॅटच्या पुढे जाणार नाही, तीही दुपारी. 'टुरानोर प्लॅनेटसोलर' २०१० मध्ये मोनॅकोहून निघून नुसत्या उन्हावर पृथ्वीला फेरी मारून आली, पण तिच्यावर ५३७ चौरस मीटर पॅनल होती आणि ५८४ दिवस लागले. मासे घेऊन लिलावाची वेळ गाठायची तर डिझेलच. बाबांना सांगा, प्रश्न अगदी योग्य आहे, त्यांची बोट त्या कामाची नाही इतकंच.

मालवणी_वायरमन:

काळी तार बघूनच ओळखलं. खारं पाणी तारेच्या बारीक पेडांमधून आत चढत जातं, वरचं प्लॅस्टिक नवंकोरं दिसतं. ती वायर कापून पुन्हा जोडू नका, पूर्ण काढा. कलई केलेली तांब्याची तार घ्या. टोकाला लग, म्हणजे स्क्रूखाली बसणारं धातूचं टोक, नीट दाबून बसवा, वर गोंद असलेली स्लीव्ह चढवून गरम करा, म्हणजे ती आक्रसून तोंड बंद होतं. नुसती चिकटपट्टी गुंडाळली तर ती पाणी धरून ठेवते.

वायर किती जाड होती? घरांवरची कामं करणाऱ्यांनी दीडची टाकली असेल. केबिन ते इंजिन जाऊन-येऊन १२ मीटर धरा. ११ अँपिअरला दीड चौरस मिलिमीटरच्या वायरीत जवळजवळ दीड व्होल्ट जातो. कंट्रोलरला वाटतं बॅटरीला १४.४ मिळतायत, खाली पोचतात १२.९. चार्जिंग रेंगाळतं, संध्याकाळपर्यंत बॅटरी भरतच नाही. १० ची वायर टाकलीत तर तोटा पाव व्होल्टच्या आत. कंट्रोलर बॅटरीच्या जवळ आणलात तर आणखी बरं, फक्त बॅटरीच्या डोक्यावर नको, लेड-ॲसिडमधून गॅस निघतो.

बॅटरीच्या प्लसपासून वीतभरात फ्यूज हवाच. आणि घरातला एसी एमसीबी (जास्त करंटला आपोआप पडणारा स्विच) लावू नका, डीसीची ठिणगी त्याला तोडता येत नाही. लाकडी बोट आहे, आगीचा विचार आधी.

हर्णैची_लेक:

दादा, दीडचीच होती! आत्ता भावाने वायरीवरचा छापा वाचून सांगितलं.

एक विसरले. गेल्या वर्षी वायरलेसवर दिवसा फार खरखर यायची, रात्री आवाज स्वच्छ. अँटेना बदलली तरी तेच. हे समुद्रावरचं काही असतं का?

जहाजावरचा_विजेवाला:

दिवसा खरखर आणि रात्री स्वच्छ, म्हणजे कंट्रोलर. ऊन असतानाच तो काम करतो. खात्री करायची तर दुपारी पॅनलवर ताडपत्री टाका, खरखर थांबली की तोच. नवा कंट्रोलर वायरलेसपासून आणि होकायंत्रापासून लांब बसवा, प्लस-मायनसच्या वायरी एकमेकींना पीळ देऊन न्या. चॅनल १६ वर मदतीची हाक ऐकू येणं हेच तर त्या यंत्राचं काम, तेव्हा हे बारीकसारीक समजू नका.

लिथियमबद्दल: आयर्न फॉस्फेटची बॅटरी चांगली, जवळजवळ पूर्ण वापरता येते. पण ती डायनामोला थेट जोडली तर इतका करंट ओढते की डायनामो जळू शकतो, मध्ये करंट आवरणारा डीसी-डीसी चार्जर लागतो. या हंगामापुरतं सीलबंद जेल बॅटरीवर भागवा, बोट हलली तरी ॲसिड सांडत नाही.

खारा_वारा:

माझ्या मामाच्या बोटीवरचं सांगते. टपावरच्या झेंड्याच्या काठीची सावली रोज एका पॅनलवर आडवी पडायची, हाताच्या बोटाएवढी. त्या पॅनलचा करंट निम्म्याखाली यायचा, आणि सगळे बॅटरीला दोष देत होते. काठी मागे नेली. ताई, भावाला सकाळी, दुपारी, संध्याकाळी टपाचा फोटो काढायला सांगा, मग पॅनलची जागा ठरवा. ॲल्युमिनियमच्या फ्रेममध्ये स्टीलचे बोल्ट घालताना मध्ये नायलॉनचे वॉशर ठेवा, नाहीतर खाऱ्या पाण्यात फ्रेम भोकाशी पोखरते. आणि बॅटरी आत्ता बोटीवरच असेल तर आजच घरी न्या. ताडपत्रीखाली पॅनलला ऊन नाही, पावसाळाभर तशीच पडली तर मरते.

हर्णैची_लेक:

सगळ्यांचे मनापासून आभार. बॅटरी भावाने आज संध्याकाळी घरी आणली, मीटरवर ११.८ दाखवते आहे, चार्जिंगला लावली. डायनामो उद्या दापोलीला जातोय. जुनी दोन पॅनल तशीच ठेवून आणखी दोन घेऊ, म्हणजे ४०० होतील. काठी मागे घ्यायला बाबा तयार आहेत. इंजिनचं उत्तर त्यांना वाचून दाखवलं, तर ५३७ चौरस मीटर म्हणजे आपल्या किती बोटी, ते हिशेब करत बसले आहेत.

आता फक्त एक: कलई केलेली १० चौरस मिलिमीटरची तार दापोली, खेड, रत्नागिरी या पट्ट्यात कोणाकडे मिळते का? लाल-काळी मिळून १५ मीटर हवी आहे. मुंबईहून मागवावी लागणार असेल तर तसं सांगा, सोमवारी एक नातेवाईक येणार आहेत.