लव्हॉझिएला रसायनशास्त्राचा 'जनक' का म्हणायचं?

चिमटा_परीक्षानळी :
लेकीच्या वहीत 'लव्हॉझिए – आधुनिक रसायनशास्त्राचा जनक' ही ओळ वाचली आणि डोकं सटकलं. ऑक्सिजन त्याच्या आधी दोघांनी मिळवला होता. स्वीडनमधल्या शेले या औषधविक्याने 1771-72 च्या सुमारास, पण त्याचं पुस्तक रखडत 1777 साली आलं. इंग्लंडच्या प्रीस्टलीने 1 ऑगस्ट 1774 रोजी भिंगाने ऊन एकवटून पाऱ्याचं लाल भस्म तापवलं, आणि निघालेल्या वायूत मेणबत्ती भसाभस जळली. त्याच ऑक्टोबरात पॅरिसला लव्हॉझिएच्या पंगतीत बसून बिचाऱ्याने हे सगळं सांगून टाकलं. पुढच्या वर्षी लव्हॉझिएने फ्रान्सच्या विज्ञान अकादमीत निबंध वाचला, त्यात प्रीस्टलीचा उल्लेखही नाही. आयत्या बिळावर नागोबा!

पारा_चढलाय :
उल्लेख टाळला हे वाईटच. पण वायू हाती लागणं वेगळं आणि तो काय आहे हे कळणं वेगळं. प्रीस्टली त्याला 'फ्लोजिस्टन काढून घेतलेली हवा' म्हणत राहिला, 1804 मध्ये मरेपर्यंत. जळताना वस्तूतून फ्लोजिस्टन बाहेर पडतं, असं ते मत. मग धातूचं भस्म मूळ धातूपेक्षा जड कसं? लव्हॉझिएने पारा 12 दिवस तापवला, 45 ग्रेन (वजनाचं जुनं, बारीक माप) लाल भस्म मिळालं. ते जास्त तापवल्यावर 41.5 ग्रेन पारा परत आला आणि आधी हवेतून जेवढा वायू कमी झाला होता, जवळपास तेवढाच सुटला. हिशोब जुळला. असा ताळेबंद मांडायची सवय त्याने लावली, म्हणून जनक.

खडू_फळा (निवृत्त) :
फ्लोजिस्टनला हसू नका हो. भस्मात कोळसा घालून तापवलं की धातू परत मिळतो. कोळशातलं फ्लोजिस्टन भस्मात गेलं, झालं स्पष्टीकरण. सगळे धातू एकमेकांसारखे चकचकीत का? सगळ्यांत फ्लोजिस्टन आहे म्हणून. या दुसऱ्या प्रश्नाला लव्हॉझिएकडे उत्तरच नव्हतं. धातूवर आम्ल ओतल्यावर निघणारा जळाऊ वायू (हायड्रोजन) कुठून येतो, हेही त्याला 1783 मध्ये पाण्याची घडण उलगडेपर्यंत नीट सांगता येत नव्हतं. मी वर्गात आधी अर्ध्या मुलांना फ्लोजिस्टनवाले करायचो. बहुतेकदा तेच जिंकायचे!

चिमटा_परीक्षानळी :
सर, दंडवत. @पारा, ताळेबंदाचं कौतुक मान्य, पण चुका? 'ऑक्सिजन' म्हणजे आम्ल घडवणारा. प्रत्येक आम्लात तो असणारच, हा त्याचा ठाम समज. हायड्रोक्लोरिक आम्लात ऑक्सिजन औषधालाही नाही. या समजापायी शेलेने 1774 मध्येच मिळवलेल्या क्लोरीनला पुढे ऑक्सिजनचं संयुग ठरवलं गेलं. ते मूलद्रव्य आहे हे डेव्ही या इंग्रज रसायनशास्त्रज्ञाने 1810 मध्ये सांगितलं. 36 वर्षं गेली! बारसं केलं म्हणून आत्या म्हणा, जनक कशाला?

शब्दवेडी :
अवांतर : बंगालीत आजही 'अम्लजान' हा शब्द आहे, म्हणजे ती चूक भाषांतरासकट आली. आपण 'प्राणवायू' म्हणून सुटलो. आणि लव्हॉझिएच्या बायकोचं, मारी-आनचं नाव कुणी घेणार का? फ्लोजिस्टनची बाजू मांडणाऱ्या कर्वन या आयरिश रसायनशास्त्रज्ञाच्या इंग्रजी पुस्तकाचं फ्रेंच भाषांतर तिने केलं, 1788 मध्ये. त्याला लव्हॉझिए मंडळींनी खोडून काढणाऱ्या टिपा जोडल्या. नवऱ्याच्या 1789 च्या पुस्तकातली उपकरणांची चित्रंही तिचीच.

पारा_चढलाय :
त्याच पुस्तकात 33 मूलद्रव्यांची यादी आहे, आणि तिच्यात प्रकाश व उष्णताही घुसल्यात. चुका शोधायच्याच तर ही घ्या अजून एक. पण मूलद्रव्य म्हणजे ज्याचे आणखी तुकडे आपल्याला करता येत नाहीत ते, ही व्याख्याही तिथलीच. डेव्हीने क्लोरीनला याच कसोटीवर मूलद्रव्य ठरवलं. आत्याचीच फूटपट्टी वापरून आत्याला मोजताय, चिमटेराव.

चिमटा_परीक्षानळी :
बरं, फूटपट्टी त्याची. वायू मात्र शेलेचा. वहीत तसं लिहायला सांगतो, मार्क गेले तर तुमच्याकडे पाठवतो.