क्रिटिक्सनी पायल कपाडियाला डोक्यावर घेतलं, गोल्डन ग्लोब्समध्ये भोपळा. असं कसं?

चिंचबोरं (६ जानेवारी २०२५)
कोणीतरी जरा समजावून सांगा प्लीज. पायलने दिग्दर्शित केलेल्या 'ऑल वी इमॅजिन ॲज लाइट'ला डिसेंबरात न्यूयॉर्कच्या क्रिटिक्सनी बेस्ट इंटरनॅशनल दिलं, मग लॉस एंजेलिसवाल्यांनी पण परभाषेतला बेस्ट म्हणून तोच, आणि परवा शनिवारी नॅशनल सोसायटीने (ही पण अमेरिकेतल्या क्रिटिक्सचीच संघटना) तर परभाषेतला बेस्ट दिलाच, वर पायलला थेट बेस्ट डायरेक्टर!! म्हणजे हॉलिवूडचे सगळे धरून त्यात ही पहिली, मी तर उडालेच. आणि आज सकाळी ग्लोब्स बघते तर दोन नॉमिनेशन्स होती, दोन्ही गेली, एक 'एमिलिया पेरेझ'ला आणि डायरेक्टरचं ब्रेडी कॉर्बेटला. मग या क्रिटिक्सच्या अवॉर्डला काही वजन असतं की नुसतं कौतुक? ऑस्करला अजून काही चान्स आहे का? (आपण 'लापता लेडीज' पाठवला आणि तो शॉर्टलिस्टमध्येही आला नाही हे माहितीये, त्यावर भांडणं नकोत.)

रात्रपाळी
क्रिटिक्स म्हणजे पेपरात, मासिकात सिनेमावर लिहून पोट भरणारी माणसं. न्यूयॉर्कचं मंडळ १९३५चं, नॅशनल सोसायटी १९६६ची, एलए १९७५चं. एकेका ठिकाणी मोजके लोक, आणि ऑस्करला मतदार दहा हजारांच्या आसपास, तेही सगळे धंद्यातलेच, नट, एडिटर, साउंडवाले वगैरे. त्यामुळे इकडचं मत तिकडे जात नाही. नॅशनल सोसायटीत प्रत्येक जण तीन नावं लिहितो, पहिल्याला ३ पॉइंट, मग २, मग १. म्हणजे थोड्याच लोकांना पण मनापासून आवडलेला सिनेमा तिथे निघून जातो. ऑस्करच्या बेस्ट पिक्चरला उलट, कोणालाच फारसा न खटकणारा पाहिजे.

२०१०ला 'द सोशल नेटवर्क'ने या तिन्ही मंडळांचा बेस्ट मारला आणि ऑस्कर 'द किंग्ज स्पीच' घेऊन गेला. पण अगदीच उपयोग नसतो असंही नाही हां, २०२१चा 'ड्राइव्ह माय कार' बघ, जपानी, तीन तासांचा, तिन्हीकडे बेस्ट, आणि मग ऑस्करला बेस्ट पिक्चरचं नॉमिनेशन आणि इंटरनॅशनलचं बक्षीस. या अवॉर्डांमुळे मतदाराच्या बघायच्या ढिगातली सीडी वर येते एवढंच (आता सीडी नसतात, लिंक असते, पण कळलं ना).

पायलचं म्हणशील तर इंटरनॅशनलचं दार बंदच आहे. तिथे एका देशाचा एकच सिनेमा, आणि सहनिर्माता म्हणून फ्रान्सनेही यादीत घेऊन शेवटी 'एमिलिया पेरेझ'च पाठवला. राहिलं डायरेक्टर नाहीतर स्क्रीनप्ले. अवघड आहे.

बाळू_बोरीबंदर
क्रिटिक्सना जे आवडतं त्यात आम्हाला झोप येते हा अनुभव आहे. आमच्याकडे नोव्हेंबरात एकच शो होता, तोही दुपारी पावणेदोनचा, ऑफिस सोडून कोण जाणार. राजामौलींना पण 'आरआरआर'साठी न्यूयॉर्कवाल्यांनी २०२२ला बेस्ट डायरेक्टर दिलं होतं म्हणे, तो निदान सगळ्यांनी बघितलेला पिक्चर तरी होता.

कोकणी_खवट
बाळूशेठ न बघताच झोप आली होय? ३ तारखेपासून हॉटस्टारवर आलाय, आता सबब नाही.

आणि मला मजा कसली वाटते सांगू, ऑस्करला पाठवला त्या 'लापता लेडीज'मध्ये पण छाया कदम आणि नाही पाठवला त्यात पण छाया कदम. तिकडे मंजू माई, इकडे हॉस्पिटलच्या किचनमधली पार्वती, मुंबईतल्या घराची कागदं नाहीत म्हणून बिल्डर उठवतोय आणि शेवटी बाई गाशा गुंडाळून रत्नागिरीकडे गावी. अशा किती बायका बघितल्यात आपण लालबाग परळात. आणि आपल्याकडच्या ज्युरीला हा भारतात घडणारा युरोपियन सिनेमा वाटला! धाग्याकर्तीने भांडू नका सांगितलंय म्हणून गप्प बसतो, पण तो जर्मनीहून आलेला राइस कुकर यातली नर्स प्रभा रात्री एकटी असताना मिठीत घेऊन बसते, नवरा तिकडे आणि इकडे नुसतं यंत्र, यात युरोपियन काय आहे हो? गल्फवाल्यांच्या घरी विचारा जाऊन.

चिंचबोरं
@रात्रपाळी सीडी 😀 कळलं. @खवट कुकरचा सीन बघताना मला रडूच आलं होतं, काही घडत नाही तसं त्यात.

रात्रपाळी (२४ जानेवारी)
काल नॉमिनेशन्स आली, पायलचं नाव कुठेच नाही. पण मला खरा धक्का मारिआन जाँ-बाप्टिस्टचा बसला. 'हार्ड ट्रूथ्स'साठी न्यूयॉर्क, एलए, नॅशनल सोसायटी तिन्हीकडे अभिनयाचं बक्षीस तिलाच (एलएला मायकी मॅडिसनबरोबर वाटून), आणि ऑस्करला नॉमिनेशनसुद्धा नाही. दिग्दर्शक माइक ली. २००८ला त्याच्याच 'हॅपी-गो-लकी'साठी सॅली हॉकिन्सचं डिट्टो असंच झालं होतं, तिन्ही अवॉर्ड घरात आणि ऑस्करला नावच नाही. माइक लीच्या नायिकांना हा शापच आहे बहुतेक. तरी नॅशनल सोसायटीचा यंदाचा बेस्ट, 'निकेल बॉइज', तो बेस्ट पिक्चरच्या दहात आलाय, तेवढं बरं.

चिंचबोरं
अरेरे. 'हार्ड ट्रूथ्स' आपल्याकडे कुठे लागलाय का? कोणाला दिसला तर इथे टाका.

बाळू_बोरीबंदर
बघितला बुवा पायलचा, दोन रात्रीत मिळून. बिल्डरच्या होर्डिंगला पार्वती आणि प्रभा दगड मारतात ते आवडलं, रिवाइंड करून परत बघितलं. बाकी सावकाशच आहे.