खुर्चीत कोणालाही बसवा, फरक पडत नाही म्हणे!

पंचनामा:
काल 'निवांत' यांनी ठणकावून लिहिलं की अमेरिकेच्या ईपीएच्या, म्हणजे केंद्राच्या पर्यावरण संरक्षण खात्याच्या, प्रमुखपदी कोणाला नेमलं यावर गळा काढण्यात अर्थ नाही. माणसं येतात नि जातात, हवामान धोरण बाजार ठरवतो. पुरावा काय, तर ट्रम्प यांच्या पहिल्या कारकिर्दीतही कोळशाची वीज घटतच गेली. तिथेच दोन ओळी खरडणार होतो, पण आवरेना, म्हणून हा वेगळा धागा.

स्कॉट प्रुइट ओक्लाहोमा राज्याचे ॲटर्नी जनरल, म्हणजे सरकारी वकिलांचे प्रमुख, होते तेव्हा त्यांनी ईपीएवर डझनाच्या वर खटले भरले. फेब्रुवारी २०१७ मध्ये त्याच ईपीएच्या किल्ल्या त्यांच्या हातात! ते गेले तर आले अँड्र्यू व्हीलर, कोळसा कंपनीचे माजी लॉबिस्ट, म्हणजे सरकारदरबारी तिची वकिली करणारे. २०२५ मध्ये आले ली झेल्डिन. हरितगृह वायूंमुळे आरोग्य धोक्यात येतं, असा निष्कर्ष ईपीएनं २००९ साली काढला होता. गाड्यांच्या धुरासकट बहुतेक हवामान नियम त्या एका कागदावर उभे होते. जुलै २०२५ मध्ये झेल्डिन यांनी तो कागदच रद्द करायचा प्रस्ताव मांडला. फांद्या छाटत बसण्यापेक्षा बुंधाच तोडू, हे कोणाला सुचलं निवांतराव? बाजाराला?

निवांत:
माझ्या नावानं धागा! धन्य झालो. कोळशाला मात्र सोयीस्कर बगल दिलीत. २०१६ मध्ये अमेरिकेची साधारण ३० टक्के वीज कोळशाची होती, २०२० मध्ये २० च्या आसपास. मधली चार वर्षं खुर्चीत तुमचे प्रुइट आणि व्हीलरच. शेल गॅस, म्हणजे खडकातून काढलेला नैसर्गिक वायू, स्वस्त झाला, विषय संपला. वीजकेंद्रांचा कार्बन कमी करायच्या ओबामांच्या 'क्लीन पॉवर प्लॅन'ला तर सुप्रीम कोर्टानं २०१६ मध्येच स्थगिती दिली, एक दिवस तो लागू झाला नाही. त्यात वीजक्षेत्रासाठी २०३० चं जे उद्दिष्ट होतं, ते दशकभर आधीच गाठलं गेलं. कोणी गाठलं? बाजारानंच.

आणि रिक पेरी घ्या. २०११ च्या वादसभेत म्हणाले, अध्यक्ष झालो तर तीन खाती बंद करीन, आणि तिसऱ्याचं नावच आठवेना. ते होतं ऊर्जा खातं. २०१७ मध्ये त्याच खात्याचे मंत्री झाले. हसा खुशाल. पण हेच गृहस्थ गव्हर्नर असताना टेक्सास पवनऊर्जेत देशात पहिलं आलं.

हिवाळी:
टेक्सासचं कौतुक मला नका सांगू. फेब्रुवारी २०२१ ला तिथे कडाक्याची थंडी पडली तेव्हा आम्ही डॅलसजवळ राहायचो. मध्यरात्रीनंतर वीज गेली ती गेलीच. घरात बोललं की तोंडातून वाफ. मुलीला होते नव्हते ते स्वेटर एकावर एक चढवून झोपवलं. अंगणातला बर्फ बादलीत भरून आणायचा आणि वितळला की संडासात ओतायचा, कारण नळ कोरडे. फोन चार्ज करायला गाडीत जाऊन बसायचं, तेही गॅरेजचं दार उघडं टाकून, कारण बंद गॅरेजात गाडीचा विषारी धूर कोंडून पलीकडच्या गल्लीत ॲम्ब्युलन्स येऊन गेली होती. आणि त्या फोनवर काय दिसावं? नेते सांगतायत, पवनचक्क्या गोठल्या!

निवांत:
गोठल्याच होत्या. नाकारताय?

हिवाळी:
कशाला नाकारू? पण त्याहून कितीतरी जास्त वीज गॅसची केंद्रं, गॅसच्या विहिरी आणि पाइपलाइनी ठप्प झाल्यामुळे गेली. केंद्रीय नियामकांचा त्याच वर्षी नोव्हेंबरचा अहवाल आहे, वाचा. राज्याच्या अधिकृत आकड्यानुसार २४६ माणसं मेली.

अणुपुराण:
म्हणूनच मी कायम सांगत आलोय, अणुवीज! थंडी नाही, वारा नाही, ढग नाही. पण ऐकतो कोण.

हिवाळी:
साउथ टेक्सास प्रोजेक्टची एक अणुभट्टी त्याच पहाटे बंद पडली होती. सेन्सरची बारकी नळी गोठली म्हणून. पुढे बोला.

अणुपुराण:
एक! चारातली एक! बाकी तीन चालू होत्या त्याचं काहीच नाही? टेक्सासच्या अणुकेंद्रांवर स्वतंत्र धागा काढतो.

कलम:
मूळ विषयावर कोणी आहे का? अध्यक्ष रोनाल्ड रेगननी १९८१ मध्ये ॲन गोर्सच यांना ईपीएवर बसवलं. बाईंनी कायद्याला हात न लावता खात्याचं बजेट कापलं, माणसं कमी केली. १९८३ मध्ये राजीनामा द्यावा लागला. त्यांच्या काळातल्या, कारखान्यांना सवलत देणाऱ्या एका नियमावरूनच 'शेव्हरॉन' खटला उभा राहिला. १९८४ चा निकाल असा, की कायदा संदिग्ध असेल तर खात्यानं लावलेला वाजवी अर्थ कोर्टानं मानावा. २०२४ मध्ये सुप्रीम कोर्टानं तो मोडीत काढला, आणि मोडणाऱ्यांत बाईंचेच चिरंजीव, न्यायमूर्ती नील गोर्सच. कादंबरीत घातलं तर संपादक म्हणेल, फार जुळवून आणलंय.

निवांत:
छान माहिती. हिवाळीताई, तुमच्या बादलीवरून देशाचं धोरण ठरत नाही.

हिवाळी:
आणि तुमच्या हीटर चालू असलेल्या खोलीतून ठरतं! तुम्ही त्या आठवड्यात कुठे होता तेवढं सांगा.

पंचनामा:
शांत व्हा दोघंही. उलट बादलीवरूनच ठरतं. टेक्सासमध्ये २०११ च्या फेब्रुवारीतही अशीच थंडी पडून वीज गेली होती. तेव्हाच्या केंद्रीय अहवालानं सांगितलं, थंडीपासून यंत्रणेचा बचाव करा. सक्ती कोणी केली नाही. राज्याच्या वीज आयोगाचे सदस्य गव्हर्नर नेमतात, आणि तेव्हा गव्हर्नर होते तुमचे पवनऊर्जावाले पेरी. दहा वर्षांनी पुन्हा तेच घडलं तेव्हा आयोगाच्या तिन्ही सदस्यांना एकामागोमाग जावं लागलं. त्याच आठवड्यात विजेचा घाऊक दर मेगावॉट-तासाला (म्हणजे हजार युनिटला) ९,००० डॉलरवर नेऊन बसवला होता, आयोगाच्या आदेशानं. यात बाजार कुठे दिसतो?

निवांत:
बरं बाबा, आयोगाची खुर्ची महत्त्वाची. एवढं तुमच्या पदरात घालतो, आरती ओवाळा. पण ती राज्याची खुर्ची, आणि विषय विजेच्या तारांचा. झेल्डिन यांनी काय वाटेल ते रद्द करावं, शेवटी कोर्टात टिकलं पाहिजे ना?

कलम:
कोर्टात? सुप्रीम कोर्टात जे सहा परंपरावादी न्यायमूर्ती बहुमतात बसतात, त्यातले तिघं ट्रम्प यांनीच नेमलेत.