मदत हवी आहे : थ्रॉटल वाढला की ड्रोन-बोटीची दिशा चुकते

राम राम मंडळी. किनाऱ्यालगतच्या उथळ पाण्याच्या सर्वेक्षणासाठी ड्रोन-बोट बांधतोय. चाचण्या हतनूरच्या जलाशयात, पुढे कोकणातली खाडी. पिक्सहॉक या कंट्रोलर बोर्डवर अर्दूपायलट (बोट आपोआप चालवणारं सॉफ्टवेअर), मास्टवर जीपीएस-कंपास, मागे दोन ब्रशलेस मोटरी.

मोटरी बंद असल्या की दिशा बरोबर. थ्रॉटल ६० टक्क्यांपुढे गेला की १०-१२ अंशांचा फरक, आणि तो करंटबरोबर वाढतो. म्हणजे दोष बॅटरीच्या तारांच्या चुंबकीय क्षेत्राचाच. प्लस-मायनस तारांना पीळ दिलाय, मास्ट उंच केलाय. हा आकडा त्यानंतरचा. साइड-स्कॅन सोनारमध्ये (ध्वनिलहरींनी बाजूचा तळ टिपणारं यंत्र) ३० मीटरवरची वस्तू १० अंशांत पाच मीटर सरकते, मग नकाशा काय कामाचा? (कॅलिब्रेशन पाण्यातच करतो. काठावरचा आपला काळा दगड स्वतःच चुंबकीय. चुंबकीय दिक्पात, म्हणजे खरी उत्तर आणि कंपासची उत्तर यांतला फरक, इकडे एका अंशाच्या आत, तो मुद्दा सोडा.)

आता दोन एफ९पी रिसीव्हर (अचूक जीपीएस) मूव्हिंग बेसलाइनवर, म्हणजे दोन अँटेनांच्या एकमेकींपासूनच्या स्थितीवरून दिशा काढायला, लावायचा विचार आहे. बोट १.४ मीटर लांब, ६० सेंमी रुंद. अँटेना पुढे-मागे एक मीटरवर ठेवाव्यात, की आडव्या ५० सेंमीवर? पुढची अँटेना लाटेत भिजते, ती वेगळीच कटकट.

पुलाखाली फिक्स (जीपीएसची अचूक पकड) तुटला तर? ईके३_एसआरसी१_यॉ (दिशा कशावरून घ्यायची ते ठरवणारा अर्दूपायलटचा पॅरामीटर) ३, म्हणजे जीपीएस नसेल तर कंपास, असा ठेवला तर बोट त्याच बिघडलेल्या कंपासवर जाणार. २ (फक्त जीपीएस) ठेवून काही सेकंद गायरोवर (वळण मोजणाऱ्या सेन्सरवर) काढणं बरं का?

पाण्यावरून परावर्तित होणाऱ्या सिग्नलसाठी अँटेनाखाली १० सेंमीची धातूची चकती पुरते का? कुणा भाऊकडे चालू बोटीची पॅरामीटर फाइल असेल तर टाका.